रेसिंग गेममधली गाडी खरी वाटते का? हाताने आणि कानाने तपासायची पद्धत

रेसिंग गेम खेळायला अवघड असला की तो खरा, असा समज या नादाला नव्याने लागलेल्यांमध्ये घट्ट बसलेला असतो. जरा स्टिअरिंग फिरवलं की गाडी गरकन फिरते, म्हणजे हा सिम्युलेटर. गाडी मुकाट वळते, म्हणजे हा आर्केड. पण रस्त्यावरची गाडी चालवायला सोपीच असते, कंपनी ती तशी बनवतेच. कालपरवा लायसन्स मिळालेला माणूससुद्धा खंबाटकी घाटातून सगळ्या कुटुंबाला घेऊन उतरतो. कोरड्या डांबरावर, साठच्या वेगाने, साध्या वळणावर गिरकी घेणारी गेममधली गाडी ही नायट्रो मारून इमारतींवरून उडणाऱ्या गाडीइतकीच खोटी आहे. तिला फक्त गंभीर चेहरा लावलेला असतो.

दुसरा समज चित्राचा. काचेवरून ओघळणारे थेंब, बॉनेटवरची झाडांची प्रतिबिंबं, डॅशबोर्डवरची शिलाई, हे सगळं छान दिसतं आणि गाडी कशी चालते याबद्दल काहीही सांगत नाही. २००४ साली आलेला 'रिचर्ड बर्न्स रॅली' आज दिसायला अगदी जुनाट वाटतो, पण रॅलीची गाडी मातीवर कशी वागते हे दाखवण्यात तो इतका पुढे होता की लोक आजही त्याला मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्या, लावून खेळतात.

खरेपणा तपासायचा तो हातांनी आणि कानांनी, आणि दोन्ही एकत्र. खऱ्या गाडीत बरीचशी बातमी पाठीला आणि कमरेला मिळते: मागची चाकं हलकी झाली, पुढचं डावं चाक दाबलं गेलं, गाडी घसरायला लागली. घरातली खुर्ची जागची हलत नाही. मग कमरेचं काम गेमने हातातल्या व्हीलवर (संगणकाला जोडायच्या स्टिअरिंगवर) आणि कानातल्या आवाजावर टाकलेलं असतं. म्हणून 'हँडलिंग मस्त, साउंड ठीकठाक' असं वेगवेगळं मोजमाप फारसं उपयोगाचं नसतं.

पुढच्या पायऱ्या 'नीड फॉर स्पीड' किंवा मोबाइलवरचा 'अ‍ॅस्फाल्ट' खेळून झालेल्या आणि आता जरा खऱ्याच्या जवळ जायची इच्छा असलेल्या माणसासाठी आहेत.

पायरी १: गेम निवडताना तो कशासाठी बनवलाय ते बघा

आपल्याकडच्या एका पिढीने पहिली गाडी चालवली ती सायबर कॅफेत, कीबोर्डच्या चार बाणांवर. २००५ च्या 'मोस्ट वाँटेड'मधली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर आठवत असेल. त्या गेमचं हँडलिंग पक्कं आर्केड होतं. तरी त्या गाडीच्या सरळ दात्यांच्या गिअरची शिट्टी अनेकांच्या कानात अजून आहे, आणि रेसच्या गाडीत तसा आवाज खरोखर येतो. एका बाबतीत खोटा गेम दुसऱ्या बाबतीत खरा असू शकतो, हे त्यातून लक्षात घ्या आणि 'आर्केड' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. 'अ‍ॅस्फाल्ट'मध्ये ब्रेकला हात लावला की गाडी ड्रिफ्ट करते आणि बक्षीस म्हणून नायट्रो भरतो. खऱ्या डांबरावर असं आडवं घसरत गेलात तर वेळ आणि टायर दोन्ही जातात. गेमला ते माहीत आहे, त्याला फक्त मजा द्यायची आहे.

सुरुवात करायला माझी पसंती 'असेटो कोर्सा'. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या छोट्या कंपनीने तो २०१४ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. आज तो साध्या संगणकावरही चालतो, सवलतीत बराच स्वस्त मिळतो, आणि त्यात रोजच्या रस्त्यावरच्या गाड्याही आहेत. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण ज्या प्रकारची गाडी तुम्ही खरोखर चालवली आहे तिच्याशीच तुलना करता येते. फॉर्म्युला वनची गाडी खरी वाटते की नाही, हे तुम्ही किंवा मी कशाच्या जोरावर सांगणार?

पैसे घालायचे नसतील तर 'रेसरूम' फुकट उतरवता येतो. थोड्या गाड्या आणि ट्रॅक मोफत असतात, आणि आवाजाच्या बाबतीत त्याचं नाव चांगलं आहे. प्लेस्टेशन असेल तर 'ग्रॅन टुरिस्मो ७'. ऑनलाइन शर्यती शिस्तीत करायच्या असतील तर 'आयरेसिंग' आहे, पण त्याला वर्गणी लागते आणि बहुतेक ट्रॅक, गाड्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. नवख्याने तिकडे लगेच जाऊ नये.

अपघात खरे हवे असतील तर 'बीमएनजी' बघा. गाडीचा सांगाडा शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांचा धरून तो सेकंदाला २००० वेळा हिशोब करतो, त्यामुळे पत्रा खऱ्यासारखा चेपतो. त्यातल्या गाड्या काल्पनिक कंपन्यांच्या आहेत. खऱ्या कंपन्यांना आपली गाडी चुरगळलेली दाखवणं फारसं रुचत नाही, म्हणून परवाना घेतलेल्या गेमांत भिंतीला धडकूनही बंपरला ओरखडाच येतो.

पायरी २: तपासण्याआधी गेममधली मदत बंद करा

नवीन गेम उघडला की पडद्यामागे चार-पाच मदतनीस आपोआप काम करत असतात. गाडी घसरू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोल, आपोआप उलटं स्टिअरिंग देणारी मदत, ब्रेकिंगची मदत. ती चालू असताना गाडीबद्दल मत बनवलंत तर ते मत मदतनीसाबद्दलचं होईल.

'असेटो कोर्सा'मध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल शून्यावर आणा. एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाक जागच्या जागी फिरू न देणारी) मात्र सरसकट बंद करू नका, 'फॅक्टरी'वर ठेवा: खऱ्या गाडीत असेल तर मिळेल, नसेल तर नाही. सगळं बंद करून मर्दुमकी दाखवण्यात खरेपणा नाही, कारण आजच्या जीटी३ वर्गातल्या शर्यतीच्या गाडीतही एबीएस असतंच. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये काउंटरस्टिअरिंगची मदत आधी काढा. रस्त्यावर रंगीत रेषा दिसत असेल तर ती पहिल्या आठवड्यात ठेवायला हरकत नाही. ती गाडीच्या वागण्यात ढवळाढवळ करत नाही, फक्त तुमचे डोळे आळशी करते.

मग कॅमेरा. गाडीच्या मागून खेळू नका, आत बसा. आत बसलं की पहिली तक्रार येते ती 'काहीच दिसत नाही' ही. इथे दृश्यकोन, म्हणजे सेटिंगमधला एफओव्ही, समजून घ्यावा लागतो. तुमचा मॉनिटर ही खिडकी धरली तर त्या खिडकीतून जेवढा कोन खरोखर दिसेल तेवढाच गेमने दाखवला की अंतरं खरी वाटतात. २४ इंची मॉनिटरची उंची साधारण ३० सेंटीमीटर असते. डोळे ६० सेंटीमीटरवर असतील तर उभा कोन निघतो सुमारे २८ अंश. गेमचं मूळ सेटिंग याहून बरंच जास्त असतं, त्यामुळे वळणं दूर आणि अरुंद दिसतात, वेग खोटा वाढतो, आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज सारखा चुकतो. २८ अंशांवर मात्र डॅशबोर्डचा तुकडा आणि समोरचा रस्ता एवढंच उरतं, शेजारची गाडी दिसत नाही. एकाच मॉनिटरवर मी ३५ ते ४० च्या मध्ये तडजोड करायला सांगेन. कोन कमी केल्यावर गाडी हळू चालल्यासारखी वाटेल, त्याला घाबरू नका.

कीबोर्डने ही कोणतीही चाचणी होत नाही. बाण दाबला की गेम स्वतःच ठरवतो स्टिअरिंग किती आणि किती वेगाने फिरवायचं. निदान कंट्रोलर घ्या. त्याचा ट्रिगर अर्धा दाबता येतो, आणि अर्धा ब्रेक हीच पुढच्या पायऱ्यांची सुरुवात आहे.

पायरी ३: शंभरवरून शून्य

ट्रॅक एकच ठेवा, म्हणजे गेमागेमांची तुलना करता येते. मी मोंझा सुचवतो. १९२२ साली बांधलेला, मिलानजवळचा हा ५.७९३ किलोमीटरचा ट्रॅक बहुतेक मोठ्या रेसिंग गेमांत सापडतो, लांब सरळ रस्ता आहे आणि वळणं मोजकी आहेत.

साधी, एबीएस असलेली, रस्त्यावरची गाडी घ्या. सरळ रस्त्यावर शंभरच्या थोडं वर जा, मग ब्रेक पूर्ण दाबून धरा. नंतर रिप्ले लावा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर शंभरपासून शून्यापर्यंतचा वेळ मोजा.

चांगल्या टायरची आजची गाडी कोरड्या डांबरावर साधारण १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, जोराने थांबते. त्या हिशोबाने शंभरवरून थांबायला २.८ सेकंद आणि ३९ मीटर लागतात. गेममधल्या गाडीला अडीच ते सव्वातीन सेकंद लागले तर टायरची पकड खऱ्याच्या आसपास आहे असं धरा. दीड सेकंदात थांबली तर ती गाडी चुंबकावर चालते आहे. पाच सेकंद लागले तर गेम 'अवघड' दिसण्यासाठी पकड चोरतो आहे.

पिकअपचा आकडा, म्हणजे शून्य ते शंभर, यात मी मुद्दाम घेत नाही. तो कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो आणि गेम बनवणारे तो बरोबर जुळवून घेतातच. ब्रेकचा आकडा जुळवायला टायर नीट बनवावा लागतो.

ब्रेक मारताना आणखी एक गोष्ट बघा: तोंड खाली जातं का? फक्त चित्रात खाली गेलं तर उपयोग नाही, त्या वजनाचा परिणाम व्हायला हवा. १००० किलोची गाडी घ्या, पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर, वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून अर्धा मीटर. १ जीने ब्रेक लागला की २०० किलोचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. उभी असताना ५००-५०० असेल तर ब्रेकमध्ये पुढे ७००, मागे ३००. आता मागच्या टायरांकडे पकड किती राहिली असेल? एबीएस नसलेल्या गाडीत, चाकं जाम होणार नाहीत इतकाच ब्रेक दाबून, याच क्षणी स्टिअरिंग थोडं फिरवून बघा. मागचा भाग अस्वस्थ झाला पाहिजे. ब्रेकमध्ये गाडी रुळावर असल्यासारखी वळत असेल तर गेममध्ये वजन सरकतच नाही.

पायरी ४: पॅराबोलिकात पाय उचला

मोंझाचं शेवटचं वळण लांबलचक उजवं आहे. २०२१ साली त्याला इटालियन रेसचालक मिकेले अल्बोरेतोचं नाव दिलं, पण बहुतेकांच्या तोंडी पॅराबोलिकाच आहे. वळण लांब असल्यामुळे गाडीला मध्येच प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

पहिला प्रश्न: स्टिअरिंग आणि वेग कायम ठेवून आत शिरा आणि मग हळूहळू वेग वाढवत जा. एका टप्प्यावर टायर हार मानेल. पुढचं चाक ड्राइव्ह असलेल्या घरगुती गाडीचं तोंड बाहेर पळायला लागेल, स्टिअरिंग आणखी फिरवूनही फरक पडणार नाही. हे कसं होतं ते नीट अनुभवा. टायर वळताना नेहमीच थोडा तिरका चालतो. चाक एका दिशेला, प्रवास काही अंश बाजूला. साधारण ६ ते १० अंशांपर्यंत हा तिरकसपणा वाढवला तर पकड वाढत जाते. त्यापुढे ती कमी होते, पण हळूहळू. चांगल्या गेममध्ये हा उतार जाणवतो, सावरायला जागा मिळते. वाईट गेममध्ये पकड दिवा विझावा तशी जाते, आणि लोक त्यालाच 'काय रिअलिस्टिक आहे' म्हणतात. तिसऱ्या प्रकारात ती जातच नाही.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा. वळणाच्या मध्यावर, गाडी पकडीच्या काठावर असताना, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचला. वजन पुढे सरकतं, पुढच्या टायरांना जोर येतो, मागचे हलके होतात. तोंड आत खेचलं जायला हवं, आणि मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ असेल तर शेपूट तुम्हाला ओव्हरटेक करायला निघेल. ज्या गेममध्ये ९११ आणि समोर इंजिन असलेली गाडी या जागी सारख्याच वागतात, तिथे सगळ्या गाड्या म्हणजे एकाच सांगाड्यावर चढवलेले वेगवेगळे कपडे. (पोर्शेबद्दल जाता जाता: तिचे गेममधले हक्क कित्येक वर्षं ईए या 'नीड फॉर स्पीड'वाल्या कंपनीकडे अडकले होते, म्हणून जुन्या ग्रॅन टुरिस्मोत पोर्शेऐवजी तिच्यावर बेतलेल्या रुफ नावाच्या गाड्या दिसायच्या. २०१६ च्या शेवटी ते सुटले आणि असेटो कोर्सातही पोर्शे आली.)

व्हील असेल तर याच वळणावर हाताकडे लक्ष द्या. रस्त्याला टेकलेल्या टायरवरचा बाजूचा जोर चाकाच्या मध्याच्या जरा मागे लागतो, म्हणून चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं आणि स्टिअरिंग जड लागतं. पकड संपत आली की तो जोर पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. महत्त्वाचं म्हणजे ते पकड जाण्याच्या थोडं आधी हलकं पडतं. ही आगाऊ सूचना हाताला मिळाली की तुम्ही डोळ्यांनी गाडी पकडणं सोडून देता.

ती मिळत नसेल तर दोष नेहमी गेमचा नसतो. नवखे लोक फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हीलच्या मोटरने हाताला दिलेला, जोर शंभरावर नेतात. लॉजिटेक जी२९ सारख्या गिअरवर चालणाऱ्या व्हीलची ताकद मर्यादित असते. गेमने जास्त मागितलं की सगळे जोर एकाच उंचीवर कापले जातात, आणि जड व आणखी जड यातला फरक उरत नाही. असेटो कोर्सात पेडल्स नावाचं छोटं अ‍ॅप स्क्रीनवर उघडा. त्यात क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटरशेजारी एक करडी पट्टी असते. ती वळणात सारखी लाल होत असेल तर जोर कमी करा, अधूनमधूनच लाल होईल इतका. हात कमी दुखतील आणि कळेल जास्त.

पायरी ५: इंजिन मोजा

आधी दोन कामं. गेममधलं संगीत शून्यावर, आणि कानाला हेडफोन. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर आयडल चालतं तेव्हा सेकंदाला सुमारे २७ वेळा पेटतं. एवढा खालचा स्वर लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. तिथे ऐकून आवाजाला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

आता हिशोब, जो इतका सोपा आहे की लोक तो करत का नाहीत याचं मला नवल वाटतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आरपीएमला ६० ने भागा, सिलिंडरच्या निम्म्या संख्येने गुणा. आवाजाचा मुख्य स्वर हर्ट्झमध्ये मिळतो. चार सिलिंडर, ६००० आरपीएम: १०० गुणिले २, म्हणजे २०० हर्ट्झ. बुलेटचं एकच सिलिंडर, १००० आरपीएम: सेकंदाला आठच ठोके, म्हणून ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात आणि त्यावर लोक जीव टाकतात.

मोबाइलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं कोणतंही मोफत अ‍ॅप घ्या. असेटो कोर्सातली जुनी बीएमडब्ल्यू एम३ ई३० सुरू करा, न्यूट्रलमध्ये ६००० वर धरायचा प्रयत्न करा आणि हेडफोनचा एक कान मोबाइलच्या माइकला लावा. आलेखावर २०० च्या आसपास उंच शेंडा दिसायला हवा, त्याच्या पटीतही काही दिसतील. काही स्वस्त मोबाइल गेमांत मी चार सिलिंडरच्या गाडीला आठ सिलिंडरचा आवाज लावलेला ऐकला आहे. आलेखात ती चोरी लगेच पकडली जाते.

हाच हिशोब फॉर्म्युला वनला लावा. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ज्यांनी त्या गाड्या ऐकल्या, त्यांनी आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन ऐकलं: १८००० आरपीएमची मर्यादा, म्हणजे १२०० हर्ट्झपर्यंतची किंचाळी. २०१४ पासून सहा सिलिंडरचे व्ही६ टर्बो आले. ते १२००० च्या आसपास फिरतात तेव्हा ६०० हर्ट्झ होतात. बरोबर एक सप्तक खाली. 'पूर्वीचा आवाज राहिला नाही' ही जुन्या प्रेक्षकांची तक्रार म्हणजे निव्वळ गतकाळाचं कौतुक नव्हे.

स्वर जुळला तरी आवाज मेलेला असू शकतो. गेमसाठी आवाज घेताना गाडी बहुतेकदा रोलरवर चढवतात, इंजिनाजवळ, हवा आत घेणाऱ्या नळीजवळ आणि सायलेन्सरपाशी माइक लावतात, आणि वेगवेगळ्या आरपीएमवर दोनदा ध्वनिमुद्रण करतात: एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून, एकदा सोडून. पैसे आणि वेळ कमी असले की मोजकेच तुकडे घेऊन तेच ताणून वर-खाली केले जातात. ताणलेला आवाज मिक्सरसारखा लागतो. ग्रॅन टुरिस्मोच्या जुन्या भागांवर वर्षानुवर्षे हीच टीका होत होती. २०१७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'पासून फरक पडला. नव्या पद्धतीत एकाच लांब ध्वनिमुद्रणाचे अगदी बारीक कण करून ते इंजिनाच्या फेऱ्यांनुसार जोडतात, त्यामुळे ताणावं लागत नाही.

तपासायचं कसं? तिसऱ्या गिअरमध्ये ४००० वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या, ऐका. मग ५००० वरून पाय सोडून गाडी ४००० वर येऊ द्या, ऐका. आरपीएम तेच, पण पहिला आवाज भरलेला आणि दुसरा पोकळ, थोडा फुरफुरता असायला हवा. दोन्ही सारखेच असतील तर गेम फक्त काटा बघून आवाज वाजवतोय, इंजिनावर भार आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही. आणि हे कळणं चालवायला लागतं: मागची चाकं वळणातून बाहेर पडताना फिरायला लागली की आरपीएम चढतो पण भार जातो, आवाज एकदम सुटल्यासारखा होतो. डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं.

यूट्यूबवरच्या गाडीतल्या व्हिडिओशी तुलना करायची असेल तर जपून. तो माइक मोठा आवाज दाबतो आणि लहान वर आणतो. खऱ्या जीटी गाडीत हेल्मेटच्या आतून इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची शिट्टी आणि तळावर आपटणारे खडेच जास्त ऐकू येतात. तो खरखरीत गोंगाट ऐकून गेम खराब आहे असं समजू नका.

पायरी ६: रिप्लेमध्ये रस्त्याकडेला उभे राहा

ही छोटी चाचणी, पण मला सगळ्यात आवडते. रिप्ले लावा, कॅमेरा मोंझाच्या सरळ रस्त्याच्या कडेला लावा आणि गाडी समोरून जाऊ द्या. येताना स्वर चढा, गेल्यावर उतरलेला. ताशी सुमारे २५० च्या वेगाला येतानाच्या आणि जातानाच्या स्वरांचं प्रमाण ३:२ च्या जवळ येतं, म्हणजे गाडी पंचमावर येते आणि षड्जावर जाते. गाण्याचा थोडा कान असेल तर मोजमाप न करता सांगता येईल की गेमने हे नीट केलंय की उगाच काहीतरी 'वूश' चिकटवलंय. वेग निम्मा असेल तर हा फरक बराच लहान व्हायला हवा. काही गेम प्रत्येक वेगाला तोच वाजवतात.

पायरी ७: टायरचं ऐका, आणि एक खोटं माफ करा

रेसचे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले गुळगुळीत, टायर गेममध्ये ओरडतात तेवढे खऱ्या ट्रॅकवर ओरडत नाहीत, आणि ओरडले तरी इंजिनाच्या गोंगाटात चालकाला क्वचितच ऐकू येतात. काटेकोर बघितलं तर गेम इथे खोटं बोलतो. पण हे खोटं मला मान्य आहे, कारण कमरेला मिळायची बातमी त्याने कानात आणून दिली आहे. म्हणून आवाजाच्या सेटिंगमध्ये टायर पूर्ण, इंजिन सत्तरच्या आसपास ठेवा. बहुतेक नवखे नेमकं उलटं करतात.

आता पुन्हा पॅराबोलिकात जा आणि कानाने चालवा. आधी खसखस, घासल्यासारखी, त्यात स्टिअरिंग थोडं आणखी फिरवलं की ती दाट होते, मग किंचाळी. सगळ्यात जास्त पकड या दोहोंच्या मध्ये, किंचाळी सुरू व्हायच्या जरा अलीकडे असते. गेम चांगला असेल तर पुढच्या आणि मागच्या टायरचा आवाज वेगळा ओळखू येईल, हेडफोनमध्ये डावं-उजवंही. पकड संपल्यावर मगच आवाज सुरू करणारे गेमही आहेत. तिथे तो आवाज सूचना देत नाही, पंचनामा करतो.

पायरी ८: पैसे कुठे घालायचे

क्रम माझा असा: हेडफोन, मग व्हील, मग चांगले ब्रेक पेडल, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. हेडफोन महाग लागत नाहीत, कान झाकणारे कोणतेही बरे चालतात. व्हील जुनं मिळालं तरी घ्या, पण घेण्याआधी जोडून पूर्ण ९०० अंश फिरवून बघा आणि मध्यावर किती ढिलं आहे ते तपासा. पेडलचे सेन्सर झिजलेले असतील तर ब्रेकची पट्टी स्क्रीनवर थरथरते. विकणारा म्हणेल की पुसलं की जातं. कधी जातं, कधी नाही, त्या हिशोबाने भाव करा.

पुढे ब्रेकचं पेडल बदलायची वेळ आली तर लोड सेलवालं घ्या, म्हणजे किती अंतर दाबलं याऐवजी किती जोराने दाबलं हे मोजणारं. पाय अंतर विसरतो, जोर लक्षात ठेवतो. मात्र ते पेडल खुर्चीला मागे ढकलतं. चाकाच्या ऑफिस खुर्चीवर बसत असाल तर पहिल्याच ब्रेकला तुम्ही कपाटापाशी पोहोचाल, म्हणून चाकं काढा किंवा खुर्ची भिंतीला टेकवा. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर पेडलखाली जाड रबरी मॅट घाला. हेडफोनमुळे इंजिन फक्त तुम्हाला ऐकू येतं, पण ब्रेकचा धपका फरशीतून थेट खालच्या मजल्यावर जातो.